‘मी काय म्हणते’ची कळ

तिनं सवयीनं सेव्ह केलं आणि पडदा गोठला. अक्षरं जागच्या जागी, लुकलुकणारी रेघ जागच्या जागी. कानांवरच्या हेडफोनमध्ये पाणीपुरवठ्याच्या बैठकीतला कुणी सभासद तावातावानं बोलतच होता आणि ती टाइप करत होती त्यातलं एकही अक्षर उमटत नव्हतं. तिनं डाव्या हाताकडे पाहिलं. करंगळी कंट्रोलवर, शेजारचं बोट एसवर. ही दोन बोटं कित्येक वर्षं दर वाक्याच्या शेवटी न सांगता तिथे जायची, घरातून निघताना कुलूप ओढून बघावं तशी. ‘सोमवारपासून नवा एडिटर’ अशी सूचना फळ्यावर लागली तेव्हा ऑफिसातल्या निम्म्या लोकांना वाटलं होतं की वर कुणीतरी नवा साहेब येतोय. दोघंजण तर ठेवणीतले शर्ट घालून आले. आला तो टाइप करायच्या नव्या प्रोग्रामचा हा काळा पडदा. वर चित्रांची पट्टी नाही, माऊसला काही काम नाही, आणि रोजच्या ओळखीच्या कळा भलतंच वागायला लागलेल्या. यंत्रं सांभाळणाऱ्या बाई, ज्यांना सगळे माघारी कंट्रोलबाई म्हणत, तिच्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. ‘‘कंट्रोल एस दाबलंत ना? सकाळपासून सगळे तेच दाबतायत. इथे त्याचा अर्थ ‘थांब’. आता कंट्रोल क्यू दाबा.’’ क्यू म्हटल्यावर तिनं हात मागे घेतला. जुन्या एडिटरमध्ये क्यू म्हणजे गाशा गुंडाळणं, एकदा त्याच्यापायी अख्खी सकाळ पाण्यात गेली होती. ‘‘दाबा हो, खात नाही ते,’’ कंट्रोलबाई म्हणाल्या. तिनं डोळे मिटून दाबलं, आणि मघापासून आंधळेपणानं बडवलेलं सगळं एकदम पडद्यावर येऊन पडलं, काही न गळता. तिला हसू फुटलं. कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं, पण ते दिवसभर थांबलं नाही.

पडदा गोठला तेव्हा ‘वायपर’ असं तिच्या मनात आलं होतं. हा शब्द दादाचा. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, गाडी शिकवणं हा त्याचा धंदा, आणि तिला मुंगी म्हणणारा पहिला माणूस. पुढे सगळं घरच म्हणायला लागलं. मुंगीलाही गाडी त्यानंच शिकवली. त्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असायचा आणि त्यावर पाय ठेवून तो अखंड बोलायचा. ‘‘नवशिक्या परवडला मुंगे, जुना माणूस फार चुकतो. गाडी बदलली की बघ. वळायच्या वेळी दिवा लावायला जातो आणि वायपर सुरू करतो. लख्ख उन्हात काच पुसत पुसत चौकातून वळतो. कारण हात अजून आधीच्या गाडीत बसलेले असतात.’’ कुठलंही वाक्य तो दुसऱ्याला पुरं करू द्यायचा नाही. तुम्ही ‘मला वाटतं की’ म्हणालात की तुम्हाला काय वाटतं ते तोच सांगून टाकायचा, वर ते कसं चूक आहे तेही सांगायचा. लहानपणी मुंगी यावरून रडकुंडीला येई. वहिनी नव्या लग्नात एकदा म्हणाल्या होत्या की ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे चालत्या गाडीत चढायचं. मग एका आजारपणात त्याच्या कानांच्या नसा गेल्या. यंत्रं बसवून झाली. त्यांतून त्याला फक्त घागरीत पाणी ओतल्यासारखं ऐकू येई. शिकवणं बंद झालं. त्याचा आवाज शाबूत होता, बोलायला कुणाची बंदी नव्हती, पण कुठे घुसायचं ते कळेना म्हणून त्यानं हळूहळू घुसणंच सोडलं. एवढंच उरलं की जेवायच्या टेबलाशी चार माणसं भराभर बोलायला लागली की त्याचा उजवा पाय टेबलाखाली ब्रेक दाबायचा. मुंगी त्याच्या शेजारी बसायची, तिला ते दिसायचं.

रविवारी दोन्ही घरं दादाकडे एकत्र जेवायची. दादा, वहिनी, त्यांची लेक, मुंगी आणि मुंगीचा नवरा. लोकांची बोलणी ऐकून टाइप करणं हेच मुंगीचं पोट भरायचं काम, त्यामुळे ऑफिसचा लॅपटॉप दादाच्या ताटाकडे वळवून ती बोलणं टाइप करत जाई आणि दादा वाचत जाई. कल्पना चांगली होती, सगळ्यांनी तिचं कौतुकही केलं. पण ऑफिसात माणसं ध्वनिफितीत असतात, थांबवता येतात. घरची माणसं थांबत नाहीत. ती कायम एक वाक्य मागे. भाचीनं काहीतरी फटकन म्हणावं, सगळ्यांनी हसावं, हसून पाणीही पिऊन व्हावं, आणि तेव्हा कुठे दादाच्या चेहऱ्यावर ते हसू उगवावं. मग त्याला एकटं वाटू नये म्हणून सगळे पुन्हा एकदा हसत. ते दुसरं हसणं इतकं वाईट होतं की मुंगीला मान वर करवत नसे. दादा काही दुधखुळा नव्हता. त्यानं हसणं बंद केलं. मग गेले काही रविवार तो अर्ध्या जेवणात ताट उचलून खिडकीपाशी जाऊन बसायला लागला. ‘‘इथे उजेड बरा आहे,’’ म्हणायचा. वहिनी म्हणायच्या, ‘‘मी काय म्हणते, बसू द्या त्यांना तिथे, त्यांना त्रास होतो.’’ आणि मुंगीला ठाऊक होतं की एकदा तो खिडकीचा झाला की पुन्हा टेबलाचा होणार नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. दादानं सगळ्यांबरोबर हसावं, नंतर नाही. ती हे कुणाला बोलली नव्हती, कारण बोलून दाखवलं की सगळे आणखी सांभाळून वागायला लागले असते.

म्हणून मंगळवारी कंट्रोलबाईंनी ते दुसरं दाखवलं तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली. या एडिटरला दोन अवस्था होत्या. एकीत कळा अक्षरं लिहीत, दुसरीत त्याच कळा हुकूम सोडत: ओळ उडव, शब्द बदल, वर जा, खाली ये. डाव्या कोपऱ्यातली एस्केपची कळ लिहिण्यातून हुकमात नेई. हे सगळं ठीकच होतं. पण त्याखेरीज, बाई म्हणाल्या, तुम्ही त्याला लघुरूपं शिकवू शकता. दोन अक्षरं द्यायची, त्यांचा पूर्ण मजकूर एकदा सांगून ठेवायचा. पुढे ती दोन अक्षरं आणि एक मोकळी जागा मारली की अख्खं वाक्य हजर. ‘‘पत्त्याला वगैरे बरं पडतं,’’ बाई म्हणाल्या. मुंगीला पत्त्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं त्याला पहिली दोन अक्षरं शिकवली आणि लगेच मारून पाहिली ती ‘मक’. मोकळी जागा. पडद्यावर ‘मी काय म्हणते’ असं धपकन येऊन बसलं, आणि तिला पदराला हात पुसत बोलणाऱ्या वहिनी डोळ्यांसमोर दिसल्या. वहिनी हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत असतील याला गणती नव्हती, आणि प्रत्येक वेळी मुंगीची बोटं ते इमानेइतबारे अक्षर न् अक्षर टाइप करत बसायची. तोवर वहिनी काय म्हणतात ते म्हणून मोकळ्या झालेल्या असायच्या. भाचीचं ‘आणि मग ना’, त्याला ‘आम’. भाचीचंच ‘तुम्हाला सांगते आत्या’, त्याला ‘तुस’. नवऱ्यासाठी ती विचार करत राहिली, पण तो सगळ्याला ‘बघू’ म्हणायचा; तो मुळातच लघुरूपात बोलायचा.

त्यानंतरचे दिवस ती ताप चढल्यासारखी हिंडली, फक्त हा ताप चांगला होता. बसमध्ये मांडीवर बोटं चालायची. शेजारची बाई फोनवर बोलायला लागली की मुंगी कान टवकारायची आणि तिची ठरलेली वाक्यं वेचायची: ‘ते जाऊ दे’, ‘माझं ऐक’, ‘तसं नाही गं’. भाजीवाल्याची निराळी, दवाखान्यातल्या खिडकीमागच्या माणसाची निराळी, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या म्हाताऱ्यांची तर फारच लाडकी. माणसं केवढं तेच तेच बोलतात! आणि ते तिला मुळीच कंटाळवाणं वाटलं नाही, उलट प्रेमच वाटलं. माणूस आधी आपलं ठरलेलं वाक्य टाकतो, त्याच्या आडोशाला थोडा वेळ उभा राहतो, आणि मग त्याला खरं म्हणायचं असतं ते म्हणतो. ठरलेलं एका कळेत उरकलं की बोटं त्या खऱ्यासाठी मोकळी. हा हिशोब तिच्या डोक्यात लख्ख उमटला तेव्हा ती रस्ता ओलांडत होती आणि एका सायकलवाल्यानं तिला शिवी दिली. तिनं त्याची शिवीसुद्धा मनात टाइप केली. बोटांत काहीतरी उमलल्यासारखं झालं होतं. इतक्या वयात आपली बोटं नवं शिकतायत, अजून शिकतायत, हा आनंद इतका बाळबोध होता की तिला तो लपवावासा वाटला आणि लपवताही येईना. कुठेतरी मध्येच धास्तीही वाटे. एका संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, ‘‘मी सारखं काय म्हणते रे? माझं वाक्य कुठलं?’’ नवरा चहाचा कप विसळत होता. ‘‘तुझं? ‘थांबा, हळू बोला, लिहितेय.’ रविवारी दुसरं काय बोलतेस तू?’’ खरंच होतं. तिनं थांबा म्हटलं की टेबल थांबायचं, सगळे जपून, पायरी पायरीनं बोलायचे, आणि त्या जपून बोलण्यात हसण्यासारखं काही उरायचंच नाही. त्या वाक्याला तिनं लघुरूप केलं नाही.

रविवारी ती लवकर गेली आणि लॅपटॉप मांडून बसली, परीक्षेला आधीच जाऊन बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी. सुरुवात झकास झाली. वहिनी ‘मी काय म्हणते’ म्हणाल्या आणि वाक्य त्यांच्या तोंडून पडायला आणि पडद्यावर यायला एकच गाठ पडली. दादाची भुवई किंचित वर गेली. मुंगीला ती भुवई दिसली आणि आनंदानं तिची बोटं सुसाट सुटली. त्या घाईतच कधीतरी करंगळी एस्केपला लागली असणार. तिला पत्ता नव्हता. तिच्या लेखी ती लिहीत होती. एडिटरच्या लेखी ती हुकूम सोडत होती. भाची कॉलेजातल्या कुणाची तरी नक्कल करत होती, नवरा हसत होता, आणि मुंगी त्या नकलेतलं एकेक अक्षर जिवाच्या आकांतानं हुकूम म्हणून बडवत होती. ओळी उडाल्या. वहिनींची वाक्यं उडाली, मग भाचीची, मग सगळंच वर सरकून नाहीसं झालं. दादा रिकाम्या पडद्याकडे बघत होता आणि भोवतीचे चेहरे हलत होते. ‘‘थांबा,’’ मुंगी ओरडली, ‘‘थांबा, हळू, सगळं गेलं.’’ सगळे थांबले. नक्कल अर्ध्यात मेली. दादानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, वाईट न वाटून घेता ठेवला, तेच जास्त लागलं. ‘‘असू दे मुंगे,’’ तो म्हणाला. ‘‘पुढल्या रविवारपासून मी आधीच जेवून घेत जाईन. तुम्ही निवांत बसा.’’ आणि ताट उचलून खिडकीपाशी गेला. घरी जाताना गाडीत ती रडली. नवरा म्हणाला, ‘‘जुनाच एडिटर वापर ना मग.’’ तिनं मान हलवली. जुन्यात ती कधीच चुकली नव्हती, आणि जुन्यातच दादा खिडकीपर्यंत गेला होता.

सोमवारी दुपारी फोनवर दादाचा निरोप आला. ‘वायपर लागले का गं काल?’ ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ते वाचत होती, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं लिहिलं, ‘हो. उन्हात काच पुसली.’ दादाचं उत्तर आलं. ‘हाताकडे बघत होतीस. मी शेजारीच होतो. गिअरकडे बघून कुणी गाडी चालवतं का? समोर बघ.’ ती जिन्यातच बसली. खरंच, ती सबंध वेळ नुसती बोटांकडे बघत होती. बोलणारा तोंड उघडायच्या आधी श्वास घेतो, वहिनी पदर सावरतात, भाची खुर्चीत पुढे सरकते. हे सगळं ती बघतच नव्हती. ती ऐकून झाल्यावर लिहीत होती. तिनं उत्तर पाठवलं, ‘एकदा बस माझ्याबरोबर. शेवटचं. नाही जमलं तर खिडकी तुझी.’ दादानं नुसता अंगठा पाठवला. पुढचे सगळे दिवस ती ऑफिसात बोटांवर रुमाल टाकून टाइप करत राहिली. कंट्रोलबाईंनी एकदा तो रुमाल पाहिला आणि संध्याकाळी येऊन त्यांनी तिच्या एडिटरला एवढं शिकवून ठेवलं की हुकमाच्या अवस्थेत पडद्याची कड लाल दिसावी. ‘‘डोळ्याच्या कोपऱ्यातून कळेल,’’ त्या म्हणाल्या. मुंगीनं त्यांचा हात धरून दाबला. एवढंसं केल्याबद्दल एवढं कुणी खूश होतं हे बाईंना नवीन असावं, त्या लाजल्या.

आणि रविवार आला. दादा टेबलाशी बसला, पण खुर्ची जरा मागे ओढून, उठायच्या तयारीत. मुंगीनं हातांकडे पाहिलं नाही. तिनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींचा हात पदराकडे गेला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मुंगीनं ‘मक’ मारून ठेवलं. वहिनींचं वाक्य त्यांच्या आधी पडद्यावर हजर. फक्त त्या दिवशी वहिनींनी नुसताच पदर सावरला आणि त्या गप्प बसल्या, आणि बोलला मुंगीचा नवरा, म्हणाला, ‘‘मीठ दे जरा.’’ पडद्यावर एकाच ओळीत जोडून आलं: ‘मी काय म्हणते, मीठ दे जरा.’ दादा ते बघत राहिला. मग त्यानं मुंगीच्या नवऱ्याकडे पाहिलं, आपादमस्तक पाहिलं, आणि तो हसला, मोठ्यानं, मान मागे टाकून. टेबल चक्रावलं. कुणालाच काही कळेना. ‘‘काय झालं? अहो, काय झालं?’’ वहिनी विचारत होत्या. दादानं डोळे पुसत पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाचलं, भाचीनं वाचलं, आणि मग सगळे हसले; नंतर हसले, दादाच्या नंतर. मुंगीला उठून नाचावंसं वाटलं, पण भाची खुर्चीत पुढे सरकली होती, म्हणजे ती आता बोलणार होती, आणि मुंगीची बोटं केव्हाच ‘तुस’वर पोचली होती.

भाची गाडी शिकत होती. ही गोष्ट घरात फारशी बोलली जायची नाही, कारण जिनं बापाकडून शिकायची ती दुसऱ्याकडून शिकत होती. आज बोलण्याच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं. ‘‘तुम्हाला सांगते आत्या, आमचे सर फार शांत आहेत. आणि मग ना, चढावर गाडी उभी केली, तर ते म्हणाले हँडब्रेक सोड आणि मग हळूहळू क्लच…’’ ‘तुस’, ‘आम’, आणि मधलं सगळं बोटांनी असं उचललं की मुंगीला आपण टाइप करतोय याचा विसरच पडला. ती नुसती भाचीच्या तोंडाकडे बघत होती आणि पडदा भरत होता. ‘क्लच’ पडद्यावर आला न आला तोच टेबलावर हात आपटला. ‘‘आधी हँडब्रेक?’’ दादा म्हणाला. त्याची खुर्ची पुढे आली होती. ‘‘चढावर आधी हँडब्रेक सोडायला सांगतो तो? मागे कोण उभं असतं, त्याचा सासरा? आधी क्लच अर्धा उचलायचा, गाडी नाक वर करते, ते अंगाला कळतं, आणि मग…’’ भाची म्हणाली, ‘‘पण ते म्हणतात की नव्या गाड्यांना…’’ ‘‘नव्या गाड्यांना चढ नसतो का?’’ ‘‘तसं नाही, ते म्हणतात…’’ ‘‘कळलं काय म्हणतात. उद्या सकाळी गाडी काढ, मी येतो शेजारी.’’ वहिनींचा हात पदरापाशी तसाच राहिला होता. मुंगीचा नवरा चमचा खाली ठेवायचा विसरला होता. भाची लाल झाली होती, खऱ्याखुऱ्या रागानं, आणि ती ओरडली, ‘‘बाबा, मला बोलू तर दे!’’

मुंगीची बोटं थबकली. हे वाक्य किती ओळखीचं होतं. लहानपणी तिनं ते हजारदा म्हटलं होतं, वहिनींनी म्हटलं होतं, या घरात एकेकाळी ‘मी काय म्हणते’पेक्षा तेच जास्त वेळा वाजत असे. सगळ्यांची सगळी वाक्यं तिनं वेचली होती आणि याला लघुरूप दिलं नव्हतं, कारण ते परत कधी लागेल असं तिला वाटलंच नव्हतं. ती एकेक अक्षर टाइप करू लागली. बा. बा. म. ला. डोळे भरले होते, अक्षरं नीट दिसत नव्हती. दादा पडद्याकडे टक लावून बसला होता, त्याचा पाय टेबलाखाली अधीरपणे हलत होता.

‘‘काय गं मुंगे, अडकलीस कुठे?’’ तो म्हणाला. ‘‘काय म्हणतेय ती?’’

मुंगी ‘बोलू’पर्यंत आली होती. दादानं तेवढंच वाचलं, आणि पुढचं यायची वाट न बघता लेकीकडे वळून म्हणाला, ‘‘बोल की मग. कुणी धरलंय तुला?’’